एक बोंड, तीन खंड



वनस्पती मानवाला अन्न, वस्त्र व औषध देतात, हे सर्वश्रुत आहे. परंतु एकच रोपटे तीन खंडांतील माणसांचे भाग्य एका सूत्रात कसे गुंफते, याचे बोलके उदाहरण म्हणजे कापूस.

१७९३ साली एली व्हिटनी यांनी अमेरिकेत सरकी वेगळी करणारे यंत्र तयार केले. श्रम वाचले, पण लागवड अफाट वाढली आणि तिच्यासाठी राबणाऱ्या गुलामांची संख्याही वाढली. इंग्लंडमधील लँकेशायरच्या गिरण्या मुख्यतः याच कापसावर चालत. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरमधील असंख्य कामगारांच्या चुली विझल्या.

इकडे मुंबईत कापसाला सोन्याचे मोल आले. सट्टा फोफावला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले आणि अनेक पेढ्या बुडाल्या.

या उलाढालीत एक प्रसंग मात्र चिरस्मरणीय ठरला. १८६२ च्या ३१ डिसेंबरला मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून गुलामगिरीच्या उच्चाटनासाठी अध्यक्ष लिंकन यांना पाठिंब्याचे पत्र पाठविले. कापूस मिळाला असता तर त्यांच्याच गिरण्या सुरू होणार होत्या. तरीही परक्याची बेडी तुटावी, अशी इच्छा त्यांनी धरली. लिंकन यांनी जानेवारी १८६३ मध्ये त्यांना कृतज्ञतेने उत्तर दिले.

बोंड निर्दोष असते. दोष लोभाचा असतो. म्हणूनच वस्त्राचा भाव विचारताना त्यामागील हातांचीही विचारपूस व्हावी.