सिरॅमिकच्या कॅपवर ब्रॅकेट बसविताना
(वार्षिक सभेत दंतविभागाच्या वतीने केलेले भाषण)



दंतविभागाच्या वतीने आज आम्ही एकाच प्रश्नाविषयी बोलण्याची अनुमती घेतो. लोणावळा, कामशेत, वडगाव या परिसरातून दात सरळ करून घेण्यासाठी आता केवळ शाळकरी मुले येत नाहीत. तिशी-चाळिशीतील मंडळीही येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या दातावर रूट कॅनालनंतर बसविलेली सिरॅमिकची कॅप असते. "डॉक्टर, कॅपवर तार बसेल ना?" असे ते विचारतात. बसते, परंतु नैसर्गिक दातावर बसते तशी नव्हे.

फॉस्फोरिक आम्लाने दाताचे एनॅमल किंचित खरखरीत केले की रेझिन त्याला घट्ट धरते, हे अमेरिकेतील डॉ. मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखविले. नैसर्गिक दातावर ब्रॅकेट चिकटविण्याची रीत त्याच पायावर उभी आहे. सिरॅमिकवर मात्र या आम्लाने तशी पकड मिळत नाही. तेथे आधी वरची झिलई उतरवावी लागते. कॅप काचयुक्त सिरॅमिकची असल्यास मग हायड्रोफ्लोरिक आम्लाचा जेल थोडा वेळ लावून धुतात, सिलेनचा लेप देतात आणि त्यानंतर ब्रॅकेट बसवितात. झिर्कोनियात काच नसल्याने तेथे हे आम्ल कामाचे नाही. त्यावर अ‍ॅल्युमिनाच्या सूक्ष्म कणांचा मारा करून वेगळे प्रायमर लावावे लागते. म्हणून कॅप कशाची आहे हे आधी कळले पाहिजे, आणि नेमका तोच कागद घरी सापडत नाही!

हायड्रोफ्लोरिक आम्ल अत्यंत घातक आहे. त्वचेला लागल्यास कित्येकदा लगेच वेदनाही होत नाहीत, आणि तोवर ते आत उतरलेले असते. त्यामुळे हिरडी झाकणारा रबर डॅम, जोरकस सक्शन व कॅल्शियम ग्लुकोनेटचा जेल हाताशी असल्याशिवाय आम्ही बाटली उघडत नाही. आपल्या देणगीतील काही रक्कम या न दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च होते.

पकड जितकी घट्ट तितकी बरी, असेही नाही. उपचार संपल्यावर ब्रॅकेट काढायचा असतो. एका भगिनीचा ब्रॅकेट काढताना समोरच्या कॅपचा टवका उडाला. असे होऊ शकते हे आम्ही त्यांना आधी सांगितले नव्हते. चूक आमची होती. महिन्याच्या घरखर्चातून पैसे बाजूला काढून त्यांनी ती कॅप बसविली होती. नव्या कॅपचा खर्च विभागाने सोसला, परंतु त्यांचा उतरलेला चेहरा आम्ही विसरलेलो नाही. तेव्हापासून हा धोका मराठीत लिहून, वाचून दाखवून, मगच संमती घेतो. शक्य तेथे कॅपवर ब्रॅकेटऐवजी दाढेभोवती धातूचा बँड बसवितो. समोरच्या दातांना ती सोय नाही.

लोणावळ्यात राहून चिक्की वर्ज्य करा, असे सांगणे आमच्याही जिवावर येते. तरी तार असेपर्यंत ती खाऊ नये. कॅपवरचा ब्रॅकेट सुटला तर ही सारी प्रक्रिया पुन्हा करावी लागते, आणि दर खेपेला कॅपचा पृष्ठभाग थोडा झिजतो.

नातेवाइकांना विनंती, की पहिल्या भेटीस येताना कॅपची जुनी पावती किंवा वॉरंटी कार्ड शोधून आणावे. ते न मिळाल्यास जेथे कॅप बसविली त्या डॉक्टरांचे नाव सांगावे. आम्ही त्यांच्याकडे विचारणा करू.