नादिष्टांचं दप्तर



कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'विज्ञानकथा, दूरचित्रवाणी आणि जुने व्हिडिओ गेम' असा छापला आहे. यातला विज्ञानकथेचा इतिहास या सभागृहाला नव्याने सांगायला नको. व्हर्न, वेल्स, नारळीकर इथं घरोघरी वाचले गेलेत. तेव्हा तो भाग ओलांडून मी ज्या एका गोष्टीसाठी आले आहे, तिच्यावरच येते. माझं म्हणणं असं आहे की, लोकप्रिय कलेचं खरं दप्तर तिचे नादिष्ट चाहते सांभाळतात. संस्था किंमत ठरवून जपते. नादिष्ट माणूस आवडलं म्हणून जपतो. आणि किंमत ठरायला तीस-चाळीस वर्षं जात असल्यामुळे, तोवर जे उरतं ते बहुतेक वेळा दुसऱ्याच्या घरी उरतं. वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेल्या कागदांमागे इतिहाससंशोधक राजवाडे कसे धावले, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज मी तशाच, पण कागदाऐवजी टेपांच्या आणि चिपांच्या दप्तराबद्दल बोलणार आहे.

'डॉक्टर हू' ही बीबीसीची मालिका 23 नोव्हेंबर 1963 रोजी, म्हणजे केनेडींच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी सुरू झाली. काळात आणि अवकाशात भटकणारा एक प्रवासी आणि बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन-खोक्यासारखं दिसणारं त्याचं यान. हा डॉक्टर कोण, हे मला विचारू नका, कारण मालिकेचं नावच तो प्रश्न आहे. (हशा) पहिल्या सहा हंगामांत तिचे 253 भाग झाले आणि त्यांतले शंभराहून अधिक भाग पुढे बीबीसीतूनच नाहीसे झाले. पुसणाऱ्यांना मी दोष देत नाही. दोन इंच रुंदीची व्हिडिओ टेप तेव्हा फार महाग होती आणि पुसून पुन्हा वापरता येत होती. नट-संघटनेशी झालेल्या करारामुळे जुने भाग पुन्हा दाखवण्यावर मर्यादा होत्या. रंगीत प्रक्षेपण आल्यावर कृष्णधवल भागांना परदेशी गिऱ्हाईक उरलं नाही. घरी विकत आणून मालिका बघायची सोय तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. एका विभागाने टेपा पुसल्या, दुसऱ्याने परदेशी विक्रीसाठी काढलेली फिल्मची रिळं टाकून दिली, आणि हे सारं 1978 पर्यंत चाललं. त्या वर्षी इयन लेव्हिन नावाच्या एका चाहत्याने तिथं जाऊन चौकशी केली, तेव्हा डॅलेक नावाचे यंत्रकवचातले प्राणी ज्या कथेत पहिल्यांदा आले तिचीच रिळं टाकून देण्यासाठी बाजूला काढलेली होती. ती त्याने थोपवली.

आता ज्यासाठी हे सांगितलं ती गोष्ट. घरी व्हिडिओ नव्हता, पण रिळांचे टेपरेकॉर्डर काही घरांत आले होते. इंग्लंडमधल्या काही पोरांनी शनिवारी संध्याकाळी टीव्हीसमोर मायक्रोफोन ठेवला, घरच्यांना गप्प बसवलं आणि भागाचा नुसता आवाज उतरवून घेतला. एकाने तर मायक्रोफोनच नको म्हणून टीव्हीच्या स्पीकरला थेट तार जोडली. त्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ना खुर्ची सरकल्याचा आवाज, ना कपबशीचा. ही मुलं इतिहास जपत नव्हती. त्यांना आठवडाभर ती गोष्ट पुन्हा ऐकायची होती, इतकंच. पण परिणाम पाहा. चित्र हरवलेल्या भागांपैकी आवाज हरवलेला असा एकही भाग नाही. एकही नाही! पगारी माणसं, कपाटं, नोंदवह्या असलेल्या संस्थेला जे साधलं नाही, ते एकमेकांना न ओळखणाऱ्या चार-सहा पोरांनी पूर्ण केलं. (टाळ्या) जॉन कुरा नावाचा छायाचित्रकार टीव्हीच्या पडद्याचेच फोटो काढून नटांना आणि दिग्दर्शकांना विकत असे, एकेका भागाचे साठ-सत्तर. पुढच्या पिढीच्या चाहत्यांनी ते फोटो आणि हा आवाज जोडून हरवलेले भाग पुन्हा उभे केले आणि कोरी कॅसेट नि टपालखर्च पाठवणाऱ्या कुणालाही ते फुकट उतरवून दिले. चित्रंही अधूनमधून सापडत गेली. 1991 मध्ये एक पूर्ण कथा हाँगकाँगहून परतली. 2013 मध्ये फिलिप मॉरिस यांना नायजेरियातल्या जोस इथल्या दूरचित्रवाणी केंद्रात नऊ भागांची रिळं मिळाली आणि हरवलेल्या भागांचा आकडा 106 वरून 97 वर आला.

रंगाची गोष्ट मी दोन वाक्यांत सांगणार होते, पण ती दोन वाक्यांत मावत नाही. 1970 पासून मालिका रंगीत झाली, तरी तिच्या काही भागांच्या रंगीत टेपा पुसल्या गेल्या आणि उरली ती परदेशी विक्रीसाठी काढलेली कृष्णधवल फिल्म. ही फिल्म कशी काढत? टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा लावून. त्या काळच्या रंगीत प्रक्षेपणात रंगाची माहिती त्याच संकेतात, फार बारीक कंपनांच्या रूपाने मिसळलेली असे. कृष्णधवल पडद्यावर ती बारीक ठिपक्यांच्या जाळीसारखी दिसे. फिल्म काढताना ही जाळी गाळून टाकायची असे, आणि अनेकदा ती गाळायची राहून गेली. तंत्राच्या दृष्टीने ही चूकच. तीस-पस्तीस वर्षं ते ठिपके फिल्मवरचा दोष म्हणून पाहिले गेले. मग जेम्स इन्सेल यांच्या ध्यानात आलं की हा दोष नव्हे, हा रंगच आहे, राखाडी शाई लावून बसलेला. त्यांच्याभोवती एक अनौपचारिक गट जमला, रिचर्ड रसेल यांनी ठिपक्यांवरून मूळ रंग वाचणारी संगणकप्रणाली लिहिली, आणि 2008 मध्ये 'डॅड्स आर्मी' या विनोदी मालिकेचा एक भाग या पद्धतीने पुन्हा रंगीत दिसला. पाठोपाठ 'डॉक्टर हू'चा. हे मागून रंग भरणं नव्हे. त्या दिवशी स्टुडिओत अंगावरच्या कोटाचा जो रंग होता, तोच परत आला. एक फ्रेम शंभर वेळा पाहणाऱ्याच्याच डोळ्यांना हे दिसू शकतं, आणि शंभर वेळा पाहायला नादच लागतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पंधरा मिनिटं. म्हणजे जुन्या कन्सोलचा सगळा इतिहास मला सोडावा लागणार. निन्टेन्डोचा फॅमिकॉम 1983 मध्ये जपानात आला, त्याच्या नकला नव्वदीत आपल्याकडे पिवळ्या कॅसेटींसह घराघरात शिरल्या, हे मागच्या रांगांतल्या तरुण मंडळींना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. (हशा) मी एकच उदाहरण घेते. 1995 मध्ये जपानात सुपर फॅमिकॉम या निन्टेन्डोच्या पुढच्या कन्सोलला सॅटेलाव्ह्यू नावाची जोड मिळाली. गेम उपग्रहावरून प्रक्षेपित व्हायचे आणि जेमतेम एक मेगाबाइटच्या मेमरी पॅकमध्ये उतरायचे. 'झेल्डा' या गेमची एक आवृत्ती ठरलेल्या वेळीच खेळता यायची, कारण तिचं निवेदन आणि संगीत त्याच वेळी रेडिओसारखं आकाशातून येत असे. ते साठवायला जागाच नव्हती. 2000 मध्ये सेवा बंद झाली. आज ते गेम जेवढे उरले आहेत ते कुठून आले? चाहत्यांनी जुन्या बाजारातून मेमरी पॅक विकत घेतले आणि मूळ मालकाने पुसायचा राहिलेला मजकूर त्यातून बाइट-बाइट वाचून काढला. निवेदनाचा आवाज मिळाला तो खेळताना कुणी घरी व्हीएचएसवर रेकॉर्ड करून ठेवला होता म्हणून. इंग्लंडमधला शनिवार आणि जपानमधलं हे प्रक्षेपण यांत तीस वर्षांचं अंतर आहे, पण कृती तीच.

यावर पहिला आक्षेप असा की, हा पोरखेळ जपायचा कशाला? 'द पॉवर ऑफ द डॅलेक्स' ही 1966 ची सहा भागांची कथा चित्ररूपात पूर्ण हरवली होती. पन्नास वर्षांनी, 2016 मध्ये, बीबीसीने ती अॅनिमेशन करून पुन्हा आणली. त्यात ऐकू येणारा आवाज चाहत्याच्या टेपवरचा आहे. पोरखेळ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की, 1931 मध्ये 'आलम आरा'ला लोक काय म्हणत होते? भारतातल्या त्या पहिल्या बोलपटाची एकही प्रत आज हाती नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय 1964 मध्ये उभं राहिलं, तोवर मधली तेहतीस वर्षं निघून गेली होती.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो मी झटकत नाही. ही नक्कल म्हणजे चोरी नाही का? निर्मात्याचा हक्क मी मानते. चालू बाजारातला गेम फुकट वाटणाऱ्याची बाजू मी घेणार नाही. पण 2023 मध्ये व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने पाहणी केली, तेव्हा अमेरिकेत 2010 पूर्वी निघालेल्या गेमपैकी 87 टक्के गेम बाजारात विकतच मिळत नाहीत असं दिसलं. जे कुणी विकत नाही, त्याच्या प्रतीने कुणाचा गल्ला रिता होतो? ग्रंथालयांनी असे बंद पडलेले गेम अभ्यासकांना दुरून वापरायला द्यावेत, ही मागणी 2024 मध्ये तिथल्या कॉपीराइट कार्यालयाने नाकारली. मला हा निर्णय चुकीचा वाटतो. कपाटातली एकच प्रत ही जपणूक नव्हे. आगीला आणि बुरशीला एकच कपाट पुरतं. शंभर घरांतल्या शंभर प्रती टिकतात, आणि आज जगभर विखुरलेल्या, एकमेकांचे चेहरेही न पाहिलेल्या चाहत्यांच्या मंडळ्या इंटरनेटवर नेमकं हेच करत आहेत.

तिसरा आक्षेप माझा मलाच आहे. नादिष्ट माणूस आपल्याला आवडलेलंच जपतो. 1961 मध्ये बीबीसीने 'ए फॉर अँड्रोमेडा' ही सात भागांची विज्ञानमालिका दाखवली. दूरच्या तारकाविश्वाकडून संदेश येतो, त्यात एक यंत्र बांधण्याच्या सूचना असतात, अशी कथा. जॉन एलियटबरोबर ती लिहिली होती फ्रेड हॉईल यांनी. होय, आपल्या नारळीकरांचे केंब्रिजमधले गुरू. (सभागृहात कुजबुज) तिचे बहुतेक भाग गेले. 'डॉक्टर हू'सारखी फौज तिच्यामागे कधी उभी राहिली नाही. एका खगोलशास्त्रज्ञाने लिहिलेली मालिका हरवते आणि शनिवारची मुलांची मालिका निदान कानाला उरते, याचं मला वाईट वाटतं. पण यातून नादिष्टांना कमी लेखावं असं निघत नाही. ज्याला नादिष्ट मिळाले नाहीत, ते दुसऱ्या कुणीच जपलं नाही, असं निघतं.

दुसरी चिठ्ठी. (हशा) तेव्हा मराठी मालिकांबद्दल सविस्तर बोलायचं राहिलं, फक्त कामाचं सांगते. मुंबई दूरदर्शन 1972 मध्ये सुरू झालं आणि ऐंशीच्या दशकात आपल्या घरांत व्हीसीआर आले. लग्नाच्या कॅसेटवर उरलेल्या जागेत कुणीतरी एखादा कार्यक्रम, एखादी मुलाखत, 'कॅप्टन व्योम' या विज्ञानमालिकेचा एखादा भाग रेकॉर्ड करून ठेवलेला असतो. जपानी कंपनी फुनाईने 2016 मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं, त्यामुळे चालू स्थितीतलं यंत्र दर वर्षी दुर्मीळ होत जाणार. माळ्यावर कॅसेट सापडली तर ती लगेच यंत्रात घालू नका. खिडकीतून आतल्या रिळाच्या कडेकडे नीट पाहा. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. ती यंत्राच्या हेडला चिकटते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब करते. अशी कॅसेट कोरड्या जागी, उभी ठेवा आणि जाणकाराकडून स्वच्छ करून घ्या. जुन्या गेमच्या काही कॅसेटींत सेव्ह राखणारा नाण्याएवढा सेल असतो. तो मेला की त्या घरातल्या मुलाचा खेळ तिथंच पुसला जातो, म्हणून बदलण्याआधी आतलं उतरवून घ्या. आणि चिकटपट्टीवर पेनाने काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय कुठलीही कॅसेट भंगारवाल्याला देऊ नका. चिकटपट्टी कोरी असेल, तर मुळीच देऊ नका.