रुग्णाच्या उशाशीं बसणारा



सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतींत टॉवेल विणणारे यंत्रमाग दिवसपाळीस व रातपाळीस खडखडत असतात. तेथें बहुतेकांची मजुरी विणलेल्या मालावर ठरते. माग थांबला कीं मजुरी थांबली. अशा घरांत कर्करोग शिरला म्हणजे आजारी एकच माणूस पडतो, पण मिळकत दोघांची बुडते. त्यांतील दुसऱ्याविषयीं, म्हणजे रुग्णाच्या उशाशीं बसणाराविषयीं, आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

रुग्णासाठीं समाजानें बरेंच केलें आहे. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें निवर्तल्या. पुढें टाटांच्या विश्वस्तनिधींतून २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं परळ येथें टाटा रुग्णालय उघडलें. आपल्याच जिल्ह्यांत बार्शीस नर्गीस दत्त यांच्या नांवाचें कर्करोग रुग्णालय आहे. राज्य विमा योजनेंत नोंद असलेल्या कामगारास, अटी पुऱ्या होत असल्यास, या रोगांत वेतनाच्या ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळूं शकतो. परंतु त्याच्याजवळ बसण्यासाठीं जिनें काम सोडलें, त्या पत्नीची बुडालेली मजुरी कोणत्या वहींत लिहावयाची? किरणोपचार आठवड्यांतून पांच दिवस, असे कित्येक आठवडे चालतात. औषध मोफत मिळालें तरी भाडें, जेवण आणि परगांवचा निवारा मोफत मिळत नाहीं. मग दागिना गहाण पडतो आणि मुलाची शाळा सुटते.

मनाचा ताण याहून अबोल. येणारा जाणारा रुग्णाची विचारपूस करतो, "वहिनी, आपण जेवलांत का?" असें कोणी विचारीत नाहीं. उलट "अमक्या वैद्याकडे कां नेलें नाहीं?" असा टोला मात्र देऊन जातो. रात्रींमागून रात्री जागून काढल्यावर "आतां सुटका व्हावी" असा विचार मनांत चमकून जातो, आणि त्याचीच पुढें लाज वाटत राहते. तो विचार थकलेल्या देहाचा आहे; त्यानें प्रेम उणें ठरत नाहीं.

यावर करण्यासारखें पुष्कळ आहे. जागरणाच्या पाळ्या कागदावर नांवें घालून वांटून घ्याव्या. कर्ज काढण्यापूर्वीं रुग्णालयांतील समाजसेवकास भेटावें; महात्मा फुले जनआरोग्य योजनेची माहिती तेथें मिळते. उपचारासाठीं जातांना रेल्वेभाड्यांत रुग्णाप्रमाणें सोबत्यासही सवलत असते. तिचा दाखला मागून घ्यावा. मुंबईस दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेंत रुग्णांची व नातलगांची सोय होते.

शेजाऱ्यांनीं "कांहीं लागलें तर सांगा" एवढ्यावर थांबूं नये. संकोची माणूस सांगत नसतो. मंगळवारचा डबा आमचा, शनिवारची रात्र आमची, असें आपणच ठरवून कळवावें. आणि कारखानदारांनीं अशा कामगाराचा माग लगेच दुसऱ्यास देऊं नये. परत जावयास जागा आहे, एवढ्या खात्रीनें त्याला रात्रीं दोन घटका झोंप लागेल.