लसूण सोला, पण बस सोडू नका



भीतीचा झटका येतो तेव्हा मन कुठे गुंतवायचं, यावर बोला असं मला संयोजकांनी सांगितलं. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते. पण सात-आठ वर्षं हे झटके सोसलेत, उपचार घेतलेत आणि आजही अधूनमधून तो पाहुणा येऊन जातो. तेवढ्या अधिकारावर बोलते.

बीएड करताना मी बार्शीहून सोलापूरला एसटीने जायची. एकदा वैरागच्या पुढे गाडी गेली आणि काही कारण नसताना छाती धडधडायला लागली. हाताला मुंग्या, घशाला कोरड, श्वास पुरेना. मी आता मरते, याबद्दल मला शंकाच नव्हती. सोलापूर स्टँड येईपर्यंत सगळं निवळलं होतं. ज्यांना हे होतं त्यांनी आत्ता मान हलवली, मी पाहिलं.

घरी सांगितल्यावर मोठे मामू म्हणाले, असर आहे. अम्मीने ताईत बांधला, दर्ग्यावर नेलं. शेजारच्या खालांनी सांगितलं, ईमान कच्चं असलं की असं होतं. पहिल्या दोघांवर माझा राग नाही, ती त्यांची माया होती. तिसरं वाक्य मात्र कुणालाच ऐकवू नका. आधीच घाबरलेल्या माणसाला आपण गुन्हेगारही करून टाकतो. पाच वेळा नमाज पढणाऱ्यालाही दमा होतो, तसंच हे. अब्बांनी मला सरकारी दवाखान्यात नेलं, ईसीजी आणि थायरॉईडची तपासणी झाली. पहिल्यांदा छातीत असं काही झालं तर हे करायचंच. ‘टेन्शन असेल’ म्हणून घरी बसायचं नाही.

रिपोर्ट चांगले आले. मग हे होतं काय? शरीरात धोक्याचा एक भोंगा असतो. समोर साप आला की तो वाजतो, ॲड्रेनालिन सुटतं, काळीज जोरात पळतं. आमचा भोंगा साप नसताना वाजतो. धडधड झाली की मन म्हणतं, हार्ट अटॅक; त्या विचाराने भीती वाढते, भीतीने धडधड वाढते. डेव्हिड क्लार्क या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली हे चक्र नीट मांडलं. मला डॉक्टरांनी ते कागदावर गोल काढून दाखवलं. त्यातली कामाची गोष्ट ही, की झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि मग उतरतोच. तुम्ही काही केलं नाही तरी उतरतो.

आता मन गुंतवण्याचं. दिवसभर पोटात गोळा घेऊन फिरणं वेगळं आणि झटका वेगळा. दिवसभराच्या काळजीला हाताचं काम फार चांगलं. माझं लसूण सोलणं. हसू नका. अर्धा किलो लसूण समोर घेतला की बोटांना काम, नाकाला वास, आणि पुढची पाकळी घेतल्याशिवाय डोक्याला सुटका नाही. क्रोशाची सुई, कोथिंबीर निवडणं, सायकल पुसणं, शेजारच्या पोरांना अपूर्णांक शिकवणं, सगळं चालतं. काम असं हवं की त्यात थोडं लक्ष लागेल आणि चुकलं तरी बिघडणार नाही. माझी नानी तस्बीह ओढायची, तेव्हा तिचा श्वास कसा संथ व्हायचा ते मी पाहिलंय. ज्यांचं मन त्यात लागतं त्यांनी खुशाल ओढावी. ज्यांचं लागत नाही त्यांना कुणी बळजबरी करू नये.

मोबाईल मात्र मन गुंतवणं नव्हे. आपल्या वयाच्या, आपल्या नावाच्या पोरांना त्यात रात्री एक वाजता काय काय दिसतं, ते मी सांगायला नको. ते बघून भोंगा शांत कसा व्हावा?

आणि ऐन झटक्यात? मी सतराचा पाढा उलटा म्हणते, रस्त्यावरच्या पाट्या वाचते, श्वास हळूहळू बाहेर सोडते. पण ‘आत्ताच्या आत्ता हे थांबव’ म्हणून पाढा म्हटला तर तो उपयोगी पडत नाही, लक्ष पुन्हा छातीकडेच जातं. ‘ये, बस, तुझं झालं की जा’ असं झटक्याला म्हणायचं आणि पाढा चालू ठेवायचा.

खरी अडचण पुढे आहे. लसूण घरी बसून सोलता येतो. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला कॉलेजच्या वाटेवर झटके यायला लागले. घरच्यांनी प्रेमानेच सांगितलं, “राहू दे बेटा, थोडे दिवस घरीच थांब.” तिने शिवण घेतलं, मेंदी घेतली, छान रमली. थोड्या दिवसांचे सहा महिने झाले, नाव कमी झालं, स्थळं यायला लागली. तिची भीती गेली नव्हती, फक्त बस गेली होती. आता तिला गल्लीच्या टोकापर्यंत जायचीही धास्ती वाटते. मुलांचं दुसऱ्या तऱ्हेने होतं. ‘मर्द होके डरता है’ ऐकून ते कुणाला सांगतच नाहीत, दुकानावर जायचं टाळत राहतात. म्हणून मी स्वतःला एकच प्रश्न विचारते: या कामामुळे माझं बाहेर जाणं वाढलं की कमी झालं? क्रोशाची सुई पिशवीत घालून बसमध्ये बसले तर ती माझ्या कामाची.

बस पुन्हा धरायला मला समुपदेशकांनी शिकवलं. पहिल्या आठवड्यात एक थांबा, मग दोन, मग वैराग, मग सोलापूर. सोबतीला आधी अम्मी, नंतर कुणी नाही.

गोळ्यांविषयी दोनच गोष्टी. झोपेची किंवा शांत करणारी गोळी मेडिकलवाल्याकडून परस्पर घेऊ नका, काहींची सवय लागते. डॉक्टरांनी दिलेली चालू असेल तर रमजान आला म्हणून मनाने बंद करू नका. सहरी-इफ्तारच्या वेळा सांगितल्या तर ते वेळ बदलून देऊ शकतात. रमजानमध्ये झोपही तुटते आणि वर कडक चहा होतो, तेव्हा धडधड जरा जास्त जाणवली तर दचकू नका.

दवाखान्यात जायची लाज वाटत असेल तर १४४१६ लिहून घ्या. टेलिमानस, सरकारची सेवा. फोन मोफत, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं.

आता प्रश्न विचारा. उभं राहून बोलायला नको वाटत असेल तर चिठ्ठी पाठवा, त्यावर नाव लिहू नका.