आम्ही की आपण?

परभणीच्या मोंढ्यात दोघं बोलत उभे आहेत. एक म्हणतो, ‘आम्ही उद्या गंगाखेडला चाललो.’ दुसऱ्याला लगेच कळतं, आपल्याला बोलावणं नाही. ‘आपण उद्या गंगाखेडला जाऊ’ म्हटलं असतं, तर तोही पिशवी भरायला मोकळा!

इंग्रजीत दोन्हीकडे एकच ‘वी’. हिंदी-उर्दूतल्या ‘हम’लाही हा भेद ठाऊक नाही. तेलुगूत मात्र ‘मेमु’ म्हणजे आम्ही आणि ‘मनमु’ म्हणजे आपण. तमिळ, गुजरातीतही अशी जोडी आहे. मराठीनं ही सोय द्राविड भाषांच्या शेजारातून उचलली, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. पार पापुआ न्यू गिनीत, टोक पिसिन भाषेतही ‘युमी’ म्हणजे आपण सगळे, तर ‘मिपेला’ म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही.

आपलं ‘आपण’ तर भलतंच कामाचं. पाहुण्याला आदरानं ‘आपण बसावं’ म्हणायचं आणि कामातून अंग काढायलाही, ‘आपल्याला नाही बुवा जमत!’

मानाचाही हिशेब सर्वनामांतच असतो. फ्रेंचमध्ये ‘त्यू’ जवळच्याला, ‘वू’ परक्याला किंवा वडीलधाऱ्याला. आपल्याकडे आई ‘तू’ आणि वडील बऱ्याच घरांत ‘तुम्ही’. देव मात्र ‘तू’च! गंगाखेडच्या संत जनाबाईंनी विठ्ठलाशी हक्कानं एकेरीतच भांडण मांडलं.

तेव्हा हिंदीत ‘हम जा रहे हैं’ म्हणाल, तर कोण कोण येणार ते स्पष्ट सांगा. नाहीतर समोरचाही तयार होऊन बसायचा!