कायदा झाला, निवारा कुठे?

कॉम्रेड्स,

६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. साखळदंडांना २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली. घरचे स्वीकारत नाहीत वा घरच नाही, एवढ्याच कारणास्तव कोणालाही मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असेही तो बजावतो. परंतु छिन्नमनस्कतेतून सावरलेल्या माणसाने जायचे कोठे? कामगाराच्या एका खोलीत जागा नसते, औषधाला पैसा नसतो. अशा नातलगांना निष्ठुर ठरविणे सोपे आहे. मनोरुग्णालयाबाहेर निवासाची सोय करणे हे त्याच कायद्याने सरकारचे कर्तव्य ठरविले आहे. ते पार पाडावयास लावणे, हे आपले काम आहे.

लाल सलाम!