अश्वत्थाम्याचे अमरत्व

अमरत्व म्हणजे वरदान, ही समजूत सार्वत्रिक आहे. तथापि सप्तचिरंजीवांच्या स्मरणात पहिले नाव अश्वत्थाम्याचे येते, आणि त्याचे दीर्घायुष्य ही शिक्षा आहे. द्रौपदीच्या निद्रिस्त पुत्रांचा वध करून उत्तरेच्या गर्भावर अस्त्र टाकणाऱ्या या द्रोणपुत्राला श्रीकृष्णाने मृत्युदंड दिला नाही. सौप्तिकपर्वातील शाप ३००० वर्षांचा आहे. अमरत्व ही उत्तरकालीन परंपरेची भर. अंगाला पू-रक्ताचा दुर्गंध, निर्जन प्रदेशांत भटकंती आणि कोणाशीही संभाषण नाही. यांतील अखेरचे कलमच सर्वांत कठोर म्हटले पाहिजे.

ग्रीक पुराणकथेतील टिथोनसलाही अमरत्व लाभले, त्याच्यासाठी तारुण्य मागायचे मात्र राहून गेले. शेवटी बंद दालनात त्याची अखंड बडबड तेवढी उरली. आपल्या मैत्रेयीने संपत्तीने अमृतत्व मिळत नाही हे ऐकताच धन बाजूस सारले आणि याज्ञवल्क्यांजवळचे ज्ञान मागितले. तो सारा विचार पतिपत्नींच्या संवादातूनच उलगडतो.

लोकमानस मात्र श्रीकृष्णाच्या शापाशी पूर्णतः सहमत झालेले दिसत नाही. नर्मदा परिक्रमेच्या आख्यायिकांत अश्वत्थामा वाटसरूंना भेटतो, कपाळावरील जखमेसाठी तेल मागतो. मागण्यापुरते का होईना, तेथे त्याला बोलायला माणूस मिळतो.